मशीनखालची जागा

मी शिंपी. मशीन घरातच पुढच्या खोलीत आहे, म्हणजे फरशीवर टाचण्या पडणारच. सूनबाईनं सांगून ठेवलं होतं, कुत्र्याचं पिल्लू आणायचं तर रविवारी ती आधी घर तपासणार. एक जरी टाचणी सापडली, किंवा चावण्याजोगं काही खाली दिसलं, तर पिल्लू शेजारच्या न्हाव्याकडे. न्हावी टपूनच बसला होता. सूनबाई शाळेत शिकवते, कुणाला नापास करताना तिचा हात कचरत नाही.

पिल्लू मला हवं होतं. बायको जाऊन अकरा महिने झाले. दुपारी सगळे बाहेर असतात, मशीन थांबलं की घरात दुसरा आवाज नाही. ती असताना मात्र हा विषय काढायची सोय नव्हती. "मी असेपर्यंत या घरात कुत्रं येणार नाही," असं म्हणायची आणि दारात आलेल्या कुत्र्याला चप्पल फेकून मारायची. नेम पक्का. एकदा ती चप्पल मलाही लागली होती. चुकून लागली असं ती म्हणायची.

त्या चपला अजून मशीनखाली भिंतीलगत आहेत. ती तिथे बसून काजं करायची आणि चपला मागे सरकवून ठेवायची. मी कुणाला हलवू दिल्या नाहीत.

घर तयार करायची युक्ती नातीची. सात वर्षांची आहे, गालात काहीतरी साठवून ठेवते म्हणून तिला आम्ही खारूताई म्हणतो. ती म्हणाली, मी पिल्लू होते. मग दोन दिवस ती चार पायांवर घरभर फिरली. जिथे तिचं तोंड पोचेल तिथलं सगळं मी उचलून वर ठेवायचं. वायरी वर गेल्या, बॉबिनचा डबा वर गेला, तिच्या बापाचे मोजेही गेले. पडदा चावता येतो हे तिनं चावून दाखवलं. मी लोहचुंबक घेऊन तिच्या मागे रांगत टाचण्या गोळा करत होतो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पँट घालून बघायला आलं. काय हरवलंय, असं त्यानं विचारलं. खारूताई त्याच्यावर भुंकली. उद्या येतो म्हणून ते गेलं.

शेवटी आम्ही मशीनपाशी आलो.

"आजोबा, खाली आजीच्या चपला आहेत."

"तुझं डोकं जातंय का आत?"

तिनं घालून पाहिलं. गेलं नाही.

"मग पिल्लूही जाणार नाही," मी म्हणालो.

चाळीस वर्षं लोकांची मापं घेतोय. एकाच्या मापावर दुसऱ्याचे कपडे बेतत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी चपला मी तिथेच राहू दिल्या.

रविवारी सूनबाईनं दोऱ्याला लोहचुंबक बांधून घरभर ओढलं. एकही टाचणी चिकटली नाही. मशीनपाशी ती वाकली, खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. उठली आणि पिल्लू घेऊन आली.

पिल्लू वीतभर. खाली ठेवल्याबरोबर ते कुठेही न थांबता सरळ मशीनखाली शिरलं. थोड्या वेळानं मागच्या मागे सरकत बाहेर आलं. तोंडात चप्पल, त्याच्यापेक्षा मोठी. मग तिच्यावरच बसून त्यानं पट्टा चावायला घेतला.

खारूताईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"बाबा, न्हाव्याला देऊ का?" सूनबाईनं हळूच विचारलं.

मी पिल्लाकडे बघत राहिलो. ते मन लावून चावत होतं.

"राहू दे," मी म्हणालो. "तिनंही ती त्याच्याकडेच फेकली असती."

सूनबाई आधी हसली, मग डोळे पुसायला आत गेली. दुसरी चप्पल मी कात्रीशेजारच्या खिळ्यावर टांगली. म्हटलं, धाक असलेला बरा.

सोमवारी पिल्लानं त्या गिऱ्हाइकाच्या पँटवर मुतून ठेवलं. मी खिळ्यावरची चप्पल काढून फेकली. दोन हात बाजूला पडली. पिल्लू शेपूट हलवत गेलं, ती ओढत घेऊन आलं आणि माझ्या पायाशी ठेवून माझ्याकडे बघत बसलं.

मी पुन्हा फेकली. पुन्हा चुकली. तिचा नेम काही मला जमायचा नाही.