जुन्नरला सोडलेली गाडी

२००८च्या भातकापणीत मढच्या सावळेरामला घोणस चावली. थोरला भाऊ सोमाजी त्याला जीपमध्ये घालून गावातल्या दवाखान्यात घेऊन आला. दवाखाना एका ट्रस्टचा. मंचरला ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल, जुन्नरला त्याहून लहान, आणि मढला एकट्या डॉक्टर चेतना. तिन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेनं जोडावेत म्हणून चेतनाच ट्रस्टींच्या मागे लागल्या होत्या. त्या पावसाळ्यात ते काम पुरं झालं होतं.

पाय पोटरीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. काचेच्या नळीत घेतलेलं रक्त गोठत नव्हतं. मढला होती तेवढी विषावरची इंजेक्शनं चेतनांनी सलाइनमधून द्यायला घेतली. ती पुरणार नव्हती. सलाइन नर्सच्या नजरेखाली ठेवून त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या.

"म्याडम, मिशीन काय बघताय?" सोमाजी म्हणाला. "आमी मंचरला निघतो. समदे तिकडंच नेत्यात."

"मंचरचीच इंजेक्शनं बघतेय, दादा. जरा थांबा."

लाइन धीमी होती. साठ्याचं पान पडद्यावर हळूहळू उघडलं. मंचरचा साठा कालच्या दोन रुग्णांत जवळजवळ संपला होता. जुन्नरला भरपूर शिल्लक होता.

"जुन्नरला न्या."

"थितं मोठं डॉक्टर न्हाईत."

"मंचरचे मोठे डॉक्टर तिथूनच कॉम्प्युटरवर सगळं बघतील. किडनीला धोका दिसला तर ते सांगतील. पण इंजेक्शन आधी, आणि ते जुन्नरला आहे."

सोमाजीनं भावजयीकडं पाहिलं. जीपमधून सोबत आलेली लंकाबाई नवऱ्याचा हात धरून बसली होती. "भावजी, म्याडम म्हणत्यात तसं करा," ती म्हणाली.

नर्सला सलाइनसोबत जीपमध्ये बसवून चेतनांनी गाडी सोडली. मग चावा कधी झाला, काय दिलं, रक्ताचं काय दिसलं, ते सगळं टाइप केलं. जीप वाटेतल्या गणेशखिंडीत असताना जुन्नरच्या डॉक्टर ढोबळ्यांनी ते वाचलं आणि इंजेक्शनं काढून ठेवली. स्ट्रेचर दारात उभं होतं. पुन्हा पहिल्यापासून कुणी काही विचारत बसलं नाही.

संध्याकाळी जुन्नरच्या लॅबनं रिपोर्ट टाकले. ते मंचरला आणि मढला एकदमच दिसले. लघवी कमी होत होती. मंचरच्या डॉक्टरांनी फोनवरून सलाइन बदलायला सांगितलं आणि डायलिसिसचं मशीन राखून ठेवलं. त्याची गरज पडली नाही. सकाळच्या रिपोर्टात रक्त गोठायला लागल्याचं आलं, तेव्हा चेतनांनी स्वतःसाठी चहा मागवला.

सावळेराम काठी टेकत घरी आला. पुढच्या आठवड्यात सोमाजी आईला, सारजाबाईला, घेऊन दवाखान्यात आला. तिला दम लागायचा. एकदा जुन्नरला, एकदा मंचरला दाखवून झालं होतं.

"म्याडम, आईचं बी नाव त्या मिशीनमदी घाला," तो म्हणाला. "कुठंबी नेली तरी डॉक्टरला ठावं पायजे."

"बसा, आजी," चेतना म्हणाल्या आणि स्टेथोस्कोप कानाला लावला.