उत्तर आधी, पूर्व नंतर

सर्व्हेच्या कामात मला कोणी शिकवलेलं खपत नाही. तापट म्हणा, आडमुठा म्हणा, वामन सर्व्हेअर हा असाच. शहाण्णव साली नेरूळच्या साइटवर कॉम्प्युटर आला, तेव्हा माहितीपुस्तकाचं पानही न उलटता मी त्यात जमिनीचे आकडे भरायला बसलो.

जागा जुन्या मिठागराची. भराव पडायच्या आधी गोजराबाई आली. तिथंच मीठ ओढून तिची हाडं झिजलेली. बांधाजवळचा दगड दाखवून म्हणाली, "सायबा, आठ म्हयन्यांची माजी पोर हाय या दगराखाली. पायातल्या वाल्यांसकट पुरलीय. भराव झाल्यावं मना कलेल का, ती कुठं हाय?"

मी दगडाची मापं घेतली, वहीत लिहिली, कॉम्प्युटरला घातली आणि छाती ठोकून सांगितलं, "मावशी, वर डोंगर उभा राहिला तरी तुमची लेक हरवायची नाही."

दगड भरावाखाली गेला. इमारतीचा पाया ओतायच्या आठवडाभर आधी ती पुन्हा आली. पोरीची माती तिला खाडीत सोडायची होती. कॉम्प्युटरनं सांगितलं तिथं मी खुंटी ठोकली, माणसं लावून पुरुषभर खणून दिलं. हाती काही लागलं नाही. दगड भरावात सरकला असेल, खाऱ्या जमिनीत वाळेही गंजून गेले असतील, तान्ह्या जीवाचं तर काय उरणार, म्हटलं. तिनं तिथली माती डब्यात भरली आणि खाडीत सोडून आली. परत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. फार बरं वाटलं मला.

पुढं महिन्याभरानं, भर दुपारी, बी विंगच्या लिफ्टच्या खड्ड्यातून वाळे ऐकू आले. थांबत थांबत, तान्हं मूल पाय झाडतं तसे. मी वॉचमन नामदेवला झापलं, "साइटवर लेकरं आणता काय रे?"

"साहेब, पाया ओतल्यापासनं रोज वाजतंय," तो म्हणाला. "तुमी ओरडाल म्हणून बोललो नाय."

 तसाच ऑफिसात जाऊन वही काढली. जागा नोंदताना आम्हा जुन्या लोकांची सवय उत्तरेचा आकडा आधी लिहायची, पूर्वेचा नंतर. कॉम्प्युटर मागत होता पूर्व आधी. बाकीचे आकडे नकाशावरून थेट आलेले, ते ठीक होते. दगडाचे तेवढे मी स्वतः भरले होते, वहीतल्या क्रमानं. अदलाबदल करून पाहिली. दगड माझ्या खुंटीपासून बेचाळीस मीटर लांब, बरोब्बर लिफ्टच्या खड्ड्याखाली. वर दोन फूट काँक्रीट. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

गप्प बसता आलं असतं. म्हातारी समाधानात होती. पण ते वाळे मला घास गिळू देईनात. चौथ्या दिवशी तिच्या दारात गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

ती सुकट निवडत होती. हात थांबले. "मंग त्या डब्यान मी कोनाला सोरून आयलू?"

मी तिच्यापुढं खाली बसलो.

"चल, दाव," म्हणाली.

शिडीनं खड्ड्यात उतरली, काँक्रीटला कान लावून बराच वेळ ऐकत राहिली. मग खाली बसून तळहातानं थोपटायला लागली.

"मावशी, चुकलो," मी म्हणालो. "फोडून काढतो हे. नोकरी गेली तरी चालेल."

तिचा हात थांबला नाही. माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "तू जा. तू हाइस तवर ती निजाची नाय."