प्रमोदिनीबाईंच्या भिंतीवरची छाप

मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात सयाजी अठरा वर्षं लाकडी ठसे कोरत होता. कुस्त्यांच्या जाहिरातींची वीतभर उंच अक्षरं, गुळाच्या ढेपेवर डकवायच्या चिठ्ठीवरचा मोर, जत्रेच्या पत्रकावरची पालखी, सगळं त्याच्याच पटाशीतून उतरलेलं. ठसा उलटा कोरला तरच कागदावर छाप सुलट पडते. ही गोष्ट त्याच्या हातात इतकी मुरली होती की दुकानांच्या पाट्यासुद्धा तो उजवीकडून डावीकडे वाचायचा आणि बायकोची, चिमणाबाईची, बोलणी खायचा. त्याचे ठसे साऱ्या कोल्हापुरानं पाहिले होते. ते कुणाचे, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

म्हणूनच प्रमोदिनीबाईंचा शब्द त्यानं जपून ठेवला होता. बाई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. छपन्न साली राजारामपुरीत सातव्या गल्लीत त्यांचा बंगला उभा राहत होता. प्रयोगवह्या छापून घ्यायला आल्या असताना त्यांना सयाजीनं फावल्या वेळात कोरलेला रंकाळा तलाव दिसला. घाटाच्या दगडांचा सांधा न् सांधा त्यात मोजून घ्यावा.

"सयाजीराव, दिवाणखान्यातली मोठी भिंत तुमच्या रंकाळ्याला ठेवली बरं का," बाई म्हणाल्या.

सयाजीनं हे पेठेत दहा जणांना सांगितलं.

पुढच्याच महिन्यात जोतीराम मुंबईहून आला. दोघं एकाच मास्तरांकडे चित्रकला शिकलेले. जोतीरामचे मामा मुंबईला होते, म्हणून तो चित्रशाळेत गेला. सयाजीला तसा मामा नव्हता, म्हणून तो छापखान्यात. जोतीरामनं गुंडाळीतून एक छाप काढून छापखान्यात वह्या न्यायला आलेल्या बाईंना दाखवली. धड झाड नाही, घर नाही, माणूस नाही. काळ्याभोर ओरखड्यांचं रान आणि त्यातून डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे गेलेली एक पांढरी चीर. लाकडाच्या रेषासुद्धा पुसल्या नव्हत्या, त्यांच्यासकट छापलेलं. बाई पाच मिनिटं बघत राहिल्या. मोठी भिंत जोतीरामला गेली. रंकाळा न्हाणीघराकडे जायच्या बोळात लागला.

"लहान पोर पटाशी घेऊन बसलं तर असंच करंल," सयाजी घरी म्हणाला.

"मग तुम्ही का न्हाई केलं?" चिमणाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "निस्तं जळून काय हुतंय?"

त्या रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही.

आणखी मीठ चोळायला, ती छाप चौकटीत बसवायचं काम बाईंनी त्याच्याकडेच दिलं. जोतीराम स्वतः घेऊन आला.

"सया, कागद लई पातळ हाय, पतंगाचा. पळीच्या पाठीनं घासून काढलंय. जपून." मग जरा घुटमळून म्हणाला, "लेका, यात कायतरी चुकतंय. घसरल्यागत वाटतंय. कळत न्हाई काय ते."

"मला काय कळणार? आम्ही अक्षरं कोरणारी माणसं."

"कोपऱ्यात सही शोधतोस व्हय? ती मी कधी करत न्हाई. सही केली की लोक चित्र सोडून तीच वाचतात."

सही करत नाही! ज्याचं नाव सगळे विचारतात त्याला हे परवडतं, सयाजीच्या मनात आलं.

जोतीराम गेल्यावर त्यानं कागद खिडकीशी उजेडात धरला. घासणीनं शाई आरपार उतरली होती. मागच्या बाजूला तीच छाप होती, किंचित मऊ, पण पुरी काळी आणि उलटी. सयाजी दोन्ही बाजू आलटून पालटून बघत राहिला. मग त्यानं कागदाची पाठ काचेकडे केली, मागून पुठ्ठा लावला आणि खिळे ठोकले.

बेत साधा होता. वास्तुशांतीच्या दिवशी चार शहाणी माणसं वाहवा करतील, जोतीराम मान डोलवेल. मग सयाजी उठेल आणि सांगेल की मंडळी, चित्र उलटं लागलंय, आणि काढणाऱ्यालासुद्धा पत्ता नाही. त्यानंतर बाई रंकाळा कुठं लावतात ते बघू.

वास्तुशांतीला दिवाणखाना भरला होता. जोतीराम उशिरा आला. चित्राकडे पाहिलं आणि जागीच थांबला. सयाजी उठला, खाकरला.

"सया," जोतीराम त्याच्याकडे न बघता म्हणाला, "हे उलटं लावलंस तू."

सयाजीनं योजून ठेवलेलं वाक्य त्यानंच म्हणून टाकलं होतं.

"फळी पुढ्यात घेतली आणि मनात हुतं तसं सरळ कोरत सुटलो. छापल्यावर उलटं येणार याचं भानच न्हाई," जोतीराम सांगू लागला. "ही चीर वर चढणारी हुती. छापली तवा खाली घसरली, आणि दोन महिने मी नुसता बघत बसलो. बाई, आता बघा की!"

बाईंनी नजर डावीकडून उजवीकडे नेली, मग मुद्दाम उलट नेऊन पाहिली. "खरंच! वाचताना डोळा डावीकडून सुरू करतो ना. त्यामुळे आता ती चढते आहे. सयाजीराव, तुम्हाला हे कसं उमगलं?"

सगळे सयाजीकडे बघत होते. इतकी माणसं त्याच्याकडे बघताहेत, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"अठरा वर्षं उलटं बघतोय तो," जोतीरामनं परस्पर सांगितलं आणि त्याला मिठी मारली. "मास्तर म्हणायचे, नजर सयाचीच. बाई, पेन्सिल द्या. पाठीमागं दोघांची नावं लिवतो."

"माझं नगं," सयाजी म्हणाला.

"का रं?"

मी तुझं नाक कापायला केलं होतं, असं त्याला म्हणायचं होतं. पण ते म्हटलं तर नजरेचा मानही जाणार होता आणि मित्रही. "नगं म्हणतोय न्हवं," एवढंच म्हणून तो बोळातून मागच्या दारानं बाहेर पडला. रंकाळ्यापाशी कुणी उभं नव्हतं. कुणीतरी त्याच्या खिळ्याला ओला पंचा अडकवला होता. सयाजीनं तो काढून दोरीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना उघडायच्या आधीच तो जाऊन बसला. एक कोरी फळी घेतली. पेन्सिल नाही, कागद नाही. त्याला फक्त एक रेघ हवी होती, डाव्या खालून उजव्या वर चढणारी, मनात आली तशी सरळ कोरलेली. छापल्यावर ती घसरली तर घसरू दे. जोतीरामला जमतं ते त्याला का जमू नये?

त्यानं श्वास धरून पटाशी चालवली. भुसा फुंकून पाहिलं. रेघ उजव्या खालून डाव्या वर गेली होती, छापेत सुलट यावी अशी बिनचूक उलटी.

सयाजीनं रंधा मारून फळी कोरी केली आणि पटाशी पुन्हा हातात घेतली.