ढब्बू पैशाची पट्टी

सातवा महिना लागला आणि रत्नाची बेंबी आवळ्यासारखी वर आली. सासूने, शेवंताबाईने, तिच्यावर ढब्बू पैसा ठेवला आणि घरच्याच मागावर विणलेल्या काठाची पट्टी करकचून बांधली. रत्नाचा नवरा मोतीलाल तान्हा होता तेव्हा त्याची बेंबी अशीच बसली होती.

"लय दुखते, आत्याबाई."

"दुखल्याबिगर बसते का कुठं? बाप्यानं सोसलं, तू त्याची बायको."

दुसऱ्या सकाळी रत्नाला ओकाऱ्या सुरू झाल्या. पट्टीखालचा आवळा दगडासारखा टणक झाला होता. शेवंताबाईने तिला अड्याळहून एस.टी.ने भंडाऱ्याला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी कापली. रत्नाला उताणं निजवून, हळूहळू दाबत फुगवटा आत सरकवला. "आतडं अडकलं होतं. आणखी उशीर झाला असता तर ही आणि बाळ, दोघंही हातची गेली असती. कोणी बांधलं हे?"

शेवंताबाईने कापलेली पट्टी पदराआड घेतली.

"मीच बांधली," रत्ना म्हणाली.

मग सगळी बोलणी तिनेच खाल्ली. टाके बाळंतपणानंतर घालायचे. तोवर वजन उचलायचं नाही, खोकताना बेंबीवर तळहात धरायचा.

परतीच्या एस.टी.त धुरळा उडाला. रत्नाला खोकला आला. शेवंताबाईचा हात पुढे झाला आणि सुनेच्या पदराजवळच थांबला.

"ठेवा न, आत्याबाई."

"ह्याच हातानं आवळलं न व तुले."

"मंग आता हलकेच ठेवा."

तिने हात ठेवला. खोकला थांबला, तळहाताखाली बाळ सुळकन फिरलं. शेवंताबाईने तोंड खिडकीकडे वळवलं. अड्याळ येईपर्यंत हात मात्र तिथंच होता.