द्राक्षांच्या मांडवासमोरचा कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, आणि सप्टेंबरमधला तो मंगळवार मला अजून स्वच्छ आठवतो. मित्रांनो, त्या अंगणातला तो शेवटचा साधा दिवस होता.

अमेरिकेतल्या फॉल रिव्हर नावाच्या गावात वेन नावाच्या माणसाने मला मागच्या भिंतीवर एका स्क्रूने बसवले आहे. मला दिसते त्यातले निम्मेच अंगण त्याचे. उरलेले निम्मे शेजारच्या सिल्वेरियो फुर्तादोंचे. त्या संध्याकाळी फुर्तादो नेहमीसारखे द्राक्षांच्या मांडवाखाली आले. दोन खुर्च्या मांडल्या. घरच्या वाइनने दोन छोटे ग्लास भरले.

"नतालिया, आजच्या सूपमध्ये मीठ जास्त पडलं," ते समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले. "हस, हस. तू असतीस तर तीन दिवस ऐकवलं असतंस." मग त्यांनी दुसरा ग्लास उचलला. "नको तुला? बरं, वाया कशाला घालवू?"

नतालियाला जाऊन चार वर्षे झाली होती.

ज्या कारखान्यात मी घडलो, तिथे मला पाहायला आणि ऐकायला शिकवले. कुठे थांबायचे, ते शिकवले नाही. वेनची सायकल चोरणारा मी पहिल्याच महिन्यात पकडून दिला, तेव्हा गल्लीभर माझे कौतुक झाले. त्या मंगळवारचे दृश्यही मी तितक्याच इमानाने त्याच्या फोनवर पाठवले. वेन पोट धरून हसला. 'म्हातारा बायकोला पाजतोय' असे नाव देऊन त्याने ते सगळ्या मोहल्ल्याला पाठवले.

शनिवारी बेकरीत कुणीतरी फुर्तादोंना म्हणाले, "सिल्वेरियो, बायकोचा ग्लास आज मला दे की!"

ते हातात पाव तसाच धरून वेनच्या दारी आले. "ह्याचं तोंड फिरव."

"अहो मिस्टर फुर्तादो, चोरांसाठी आहे तो. तुमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

"लपवत नव्हतो रे. बोलत होतो."

वेनने मान डोलावली. स्क्रू काही सैल केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मागच्या पायरीवर फोन घेऊन बसले. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजात होता. पलीकडे ओहायोहून त्यांची मुलगी ग्रासा होती.

"पपा, लोक चार दिवसांत विसरतात. तुम्ही बसा खुशाल बाहेर."

"तुला कुणी दाखवला का गं तो व्हिडिओ?"

"नाही, पपा."

"बरं झालं," ते म्हणाले. "तू तरी नाही पाहिलास." आत जाताना त्यांनी दोन्ही खुर्च्या मिटून भिंतीला टेकवल्या.

त्यानंतर मांडवाखाली कुणी आले नाही. द्राक्षे वेलीवर सुकली, पाखरांनी नेली. फेब्रुवारीत फुर्तादो स्वयंपाकघरातच वारले. तिथवर माझी नजर पोहोचत नाही. त्यांना शेवटी कुणी पाहिले नाही, आणि त्यांना तसेच हवे होते.

एप्रिलमध्ये ग्रासा घर आवरायला आली. वेन कुंपणाशी गेला. "वाईट वाटलं हो. माझ्याकडे त्यांचा एक मस्त व्हिडिओ आहे, आठवण म्हणून पाठवू?"

"आहे माझ्याकडे," ती म्हणाली. वेन खांदे उडवून आत गेला.

मित्रांनो, आता माझी काच धुरकटली आहे आणि वेन नवा कॅमेरा आणणार आहे. तुम्ही कधी कॅमेरा लावाल, तर आधी त्याच्याजवळ उभे राहा आणि तो कुठे बघतो ते बघा. आम्हाला डोळा असतो, मान नसते. माझी मान एका स्क्रूवर होती आणि तो फिरवायला एक मिनिटही लागले नसते.

ग्रासाने दोन्ही खुर्च्या उघडल्या. तळघरातली शेवटची बाटली आणून दोन ग्लास भरले. एका खुर्चीवर बसली आणि मान वर करून थेट माझ्याकडे पाहिले. माझा दिवा लागला. मी ऐकतो आहे, हे तिला ठाऊक होते. मग ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"पाहिला होता, पपा. तुम्ही विचारलंत त्याच्या आधीच. मी हसले होते. आणि पुढे तिघांना मीच पाठवला."