ज्योतीरामच्या विकेट कुणाच्या नावावर

कंपनीच्या गेटवरच्या हजेरीपटाचा मी धनी, आणि खेळाशी माझा कायमचा छत्तीसचा आकडा. तरीही १९७४ च्या आंतर-कंपनी स्पर्धेच्या फायनलमधल्या विकेट माझ्या नावावर लागायच्या होत्या, त्याची ही गोष्ट.

फाउंड्रीत काळेवाडीचा ज्योतीराम होता. खडकीला जवानांबरोबर अनवाणी फुटबॉल शिकलेला. क्रिकेटमध्ये त्याचा चेंडू फलंदाजाला दिसायचा तो स्टंप उडाल्यावरच. कंपनीच्या क्रिकेट आणि फुटबॉल, दोन्ही संघांची भिस्त त्याच्यावर. पण माणूस टेम्पररी. कायम करावं लागू नये म्हणून सात महिने भरत आले की ब्रेक द्यायचा, पटावरून नाव काढायचं, महिन्याने पुन्हा घ्यायचं. चार वर्षं हेच चाललं होतं.

त्या वर्षी दोन्ही फायनल एकाच रविवारी आल्या आणि ज्योतीरामचा ब्रेक आला शुक्रवारी. पटावर नाव नसलेल्याला खेळता येत नाही, असा स्पर्धेचा नियम. मॅनेजर अण्णासाहेबांनी तोडगा काढला. ज्योतीरामने सुरेंद्र म्हणून खेळायचं. सुरेंद्र म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

ज्योतीराम मात्र बायकोला, कस्तुराला, घेऊन माझ्या खिडकीशी आला.

"न्हाई खेळणार, भाऊ. चार वर्षं तुमी माझं नाव काढताय, मी काय बोललो न्हाई. पण खेळतो त्ये मी खेळतो."

"अरे, अण्णासाहेब चिडले तर परत घेणार नाहीत तुला."

"न्हाई घेतलं तर न्हाई," कस्तुरा म्हणाली. "हातगाडी वढू. पण दुसऱ्याच्या नावावर न्हाई खेळायचं त्यांनी." मला माझीच लाज वाटली.

अण्णासाहेब आधी भडकले. शनिवारी सकाळी सरावात कँटीनच्या पोरांनी ज्योतीरामविना खेळणारा आमचा संघ एकतीस धावांत गुंडाळला, तेव्हा कुठे ताळ्यावर आले. दुपारी तीनला आदेश निघाला: ज्योतीराम कायम. मी पटावर शाईने नाव लिहिलं आणि दोनदा वाचलं.

रविवारी सकाळी त्याने सात गडी काढले, झाडाखाली बसून कस्तुराने आणलेली भाकरी खाल्ली आणि दुपारी अनवाणी दोन गोल मारले. क्रिकेटचा कप आला. फुटबॉलमध्ये हरलो, तीन-दोन. माइकवर त्याचं नाव आलं की अख्खी फाउंड्री नाचत होती, आणि मीही, ज्याला ऑफसाइड कशाशी खातात ते अजून कळत नाही.

सोमवारी पहिल्या शिफ्टला तो लंगडत गेटवर आला. पायाचा अंगठा टम्म सुजलेला.

"अहो, घरी पडून राहा. आता तुम्हाला पगारी रजा आहे," मी म्हणालो.

"म्हंजी, आज न्हाई आलो तरी नाव ऱ्हातंय?"

"राहतंय."

त्याने पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग बगतोच," म्हणाला, आणि हसत हसत लंगडत घरी परत गेला.