निळ्या बांगडीचं वय

आमच्या टेकडीवर जुन्या चर्चचा पाया निघाला, त्या उन्हाळ्यात स्तोयनामावशी आणि मी तिथं माती चाळायच्या कामाला होतो. काचेच्या बांगड्यांचे तुकडे रोज सापडत. अख्खी बांगडी मात्र एकच मिळाली, भिंतीलगतच्या थडग्यात. गडद निळी, पीळ घातलेली. हाडांचा पार भुगा झाला होता.

उत्खननाचा प्रमुख वेलिन राजधानीतून, सोफियाहून आलेला, मावशीच्याच घरी राहायचा. बांगडी मोजून तो म्हणाला, "केवढीशी आहे! आठ-दहा वर्षांची मुलगी असणार."

"मुलगी कसली? बाई आहे ती," मावशी म्हणाली.

"मावशी, यातून बाईचा हात जाईल का?"

"जायला कशाला हवा? लहानपणी गेला, मग निघालाच नाही." तिनं स्वतःची लग्नातली अंगठी पुढं केली. "ओढ बघू. अठराव्या वर्षी घातली. आता साबण लावूनसुद्धा सरकत नाही."

"मलापण असंच अडकवलंय हिनं," तिचा नवरा, आमचे दोब्रीकाका, ढकलगाडी थांबवून म्हणाले.

"तू गप माती ओत!"

वेलिन हसला, पण वहीत त्यानं 'मुलगी' असंच लिहिलं. मावशीला ते लागलं. दुपारी सगळे सावलीत कलिंगड खायला बसले की ही त्या थडग्याची माती पुन्हा बारीक चाळणीतून काढायची. तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून मीही बसायचे. तिसऱ्या दिवशी चाळणीत एक दाढ उरली, झिजून सपाट झालेली. मावशीनं ती धुऊन वेलिनच्या तळहातावर ठेवली.

"दहा वर्षांची पोर काय दगड चावत होती, बाळा?"

वेलिन बराच वेळ दाढ निरखत राहिला. मग वाकून त्यानं मावशीच्या मातकट हाताचा मुका घेतला आणि वहीतला शब्द खोडला. पुढं तज्ज्ञांनीही वय पन्नाशीपुढचंच सांगितलं.

वसंतात बांगडी शहरातल्या संग्रहालयात मांडली, तेव्हा आम्ही तिघं बसनं गेलो. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, 'लहानपणी घातलेली बांगडी. उतारवयापर्यंत हातात.'

मावशी काचेला नाक लावून उभी होती. "थंडीत मनगट ठणकत असेल गं हिचं," ती हळूच म्हणाली.

दोब्रीकाका तोवर रखवालदाराला, सहलीच्या मुलांना, दिसेल त्याला सांगत सुटले होते, "हे माझ्या बायकोनं शोधलंय!"

"चल आता, पुरे," म्हणत मावशीनं त्यांची बाही ओढली. फार जोरात मात्र नाही.